पाहुण्याची बुलेट कुणाच्या नावावर?

पावसाळा सरला की वेंगुर्ल्यापासून गुहागरपर्यंत निवास-न्याहारी चालवणाऱ्यांच्या ओट्यावर एक प्रश्न हमखास येतो. दोन-तीन महिने राहायला आलेला परदेशी पाहुणा म्हणतो, रोजचं गाडीभाडं परवडत नाही, एखादी बुलेट विकतच घेतो. पण माझ्या नावावर गाडी होत नाही म्हणे, तर तुमच्या नावावर घेऊ. पैसे मी देतो, जाताना विकून टाकू. बाजूला बसलेला कुणीतरी लगेच री ओढतो, "घेऊन टाक मरे तुझ्या नावार, दोन म्हयन्यांत जातलो तो."

यात दोन समजुती आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. परदेशी माणसाच्या नावावर गाडी होत नाही, ही पहिली. होते. आपल्या नावावर घेतली तर काही बिघडत नाही, ही दुसरी. बिघडतं, आणि बिघडलं की पाहुणा विमानात असतो आणि कोर्टाच्या तारखा आपल्या वाट्याला येतात.

परदेशी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोरा, दाढीवाला, पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेला माणूस येतो. पण कोकणात आणखी दोन तऱ्हेचे परदेशी आहेत. एक म्हणजे आपलाच पुतण्या, जो लंडनात जन्मला, ज्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे आणि जो आजोबांच्या घरी वर्षभर राहायचं ठरवून आलाय. दुसरा म्हणजे आंब्याच्या बागेतला राखणदार किंवा ट्रॉलरवरचा खलाशी, नेपाळहून आलेला. गाडीच्या कायद्यापुढे हे तिघेही परदेशी नागरिकच. अडचणी मात्र तिघांच्या वेगवेगळ्या आहेत.

कायदा काय विचारतो

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम ३९ सांगतं, नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही. कलम ४० सांगतं, नोंदणी कुठे करायची: मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते, त्या ठिकाणच्या हिशेबाने. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्या राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात अर्ज करता येतो. मालक भारतीय नागरिक असला पाहिजे, असं यात कुठेही लिहिलेलं नाही. जमिनीचं तसं नाही. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी माणसाला इथे घर-जमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे गाडीचंही तसंच असणार असं लोक धरून चालतात. गाडी ही जंगम मालमत्ता, तिला तो नियम लागत नाही.

म्हणजे आरटीओला मुळात एवढंच हवं असतं, की हा माणूस राहतो कुठे आणि उद्या गाडीबद्दल काही विचारायचं झालं तर कोणत्या दारावर जायचं. सगळं घोडं अडतं ते या पत्त्यावर. पासपोर्ट, व्हिसा, पैसे सगळं असूनही लोक हात हलवत परत येतात ते याच एका कागदासाठी.

पत्त्याचा पुरावा म्हणून काय चालतं, याची यादी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम ४ मध्ये आहे. मतदार यादीतलं नाव, आधार, पासपोर्ट, विमा पॉलिसी, सरकारी नोकरीची पगारपावती आणि यातलं काही नसेल तर दंडाधिकारी किंवा नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र. मतदार यादी परदेशी माणसाला लागूच नाही. पासपोर्ट यादीत आहे, पण परदेशी पासपोर्टात भारतातला पत्ता कुठून असणार? प्रतिज्ञापत्राचा रस्ता उघडा आहे, पण त्याला आधार म्हणून टेबलापलीकडचा माणूस आणखी काहीतरी कागद मागतो, आणि त्याचं मागणं गैर म्हणता येत नाही. स्टॅम्पपेपरवर काहीही लिहून आणणारे त्याने पुष्कळ पाहिलेले असतात.

तर दोन कागद खरे कामाचे. पहिला, नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्सचा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने देताना असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. आपल्याकडे ओळखीपाळखीत घर दिलं की अकरा महिन्यांचा करार नोटरी करून कपाटात ठेवतात. तो कागद नोंदणीकृत नाही, आरटीओत त्याला वजन येत नाही. ऑनलाइन नोंदणी आधारच्या अंगठ्यावर चालते. पाहुण्याकडे आधार नसेल तर तालुक्याच्या दुय्यम निबंधकाकडे दोघांनी प्रत्यक्ष जायचं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला देणं हेही याच फेरीत उरकावं.

दुसरा कागद परदेशी नागरिक नोंदणीचा. १८० दिवसांहून मोठ्या मुदतीच्या व्हिसावर, म्हणजे नोकरी, शिक्षण, संशोधन अशा कामासाठी आलेल्यांना साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. मुंबईत त्यासाठी एफआरआरओचं, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याचं, वेगळं कार्यालय आहे. जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. अर्ज ई-एफआरआरओच्या पोर्टलवर होतो. त्यातून जो निवासाचा परवाना मिळतो, त्यावर इथला पत्ता छापलेला असतो. हा परवाना आणि नोंदणीकृत करार एकत्र ठेवले, की आरटीओतला सूर लगेच बदलतो.

पर्यटक व्हिसावाल्याकडे यातलं सहसा काहीच नसतं. तो ओसरीवरच्या खोलीत पाहुणा म्हणून राहतो, भाडेकरू म्हणून नव्हे. त्याच्या येण्याची खबर तुम्ही २४ तासांत ऑनलाइन दिलेली असते. लोक अजून त्याला 'सी फॉर्म भरला' असंच म्हणतात. १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट आला, तरी हे काम पाहुणा ठेवणाऱ्याकडेच आहे. ती खबर म्हणजे पाहुणा आल्याची वर्दी. तिच्यावर कायमचा पत्ता सिद्ध होत नाही. कायदा पर्यटकाला थेट नाही म्हणत नाही, पण पत्ता सिद्ध करता करता त्याचा व्हिसाच संपतो. माझं मत विचाराल तर तीन महिन्यांसाठी आलेल्याने गाडी विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये, भाड्याने घ्यावी. भाड्याने म्हणजे रीतसर परवाना असलेली, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली. पांढऱ्या पाटीची घरगुती स्कूटर तीनशे-चारशे रुपये रोजाने देणारे किनाऱ्यावर जागोजाग भेटतात. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तिथेच विचारते.

तुमच्या नावावर घेतली तर

आता या लेखाचा मुख्य मुद्दा. तो पाहुण्यांपेक्षा आपल्या लोकांसाठी जास्त आहे.

कायद्याच्या कलम २(३०) मध्ये मालकाची व्याख्या आहे: ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी, तो मालक. पैसे कुणी दिले, किल्ली कुणाच्या खिशात असते, याला महत्त्व नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हा खटला आला होता. गाडी एकाने दुसऱ्याला विकलेली, त्याने तिसऱ्याला, पुढे आणखी कुणाला. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, मात्र नाव पहिल्याचंच राहिलं होतं. अपघात झाला. मी तर केव्हाच विकली, असं पहिला म्हणाला. न्यायालयाने सांगितलं, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. अपघातात सापडलेल्या माणसाने गाडीच्या खऱ्या मालकाचा माग काढत फिरावं, ही अपेक्षाच चुकीची. हा निकाल मला पटतो. पण त्याचा अर्थ असा, की मैत्रीखातर दिलेलं तुमचं नाव ही एक मोठी जामीनकी आहे, आणि तिला कुठली मर्यादा नाही.

पुढची साखळी बघा. पाहुण्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना आहे, पण त्यावर शिक्का फक्त मोटारीचा, दुचाकीच्या रकान्यात काहीच नाही. युरोपातल्या पुष्कळांचं असंच असतं. तिकडे दुचाकीची परीक्षा वेगळी आणि महाग. अशा माणसाला गाडी चालवू दिली म्हणून कलम १८० खाली मालकाला पाच हजारांचा दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याने कुणाला धडक दिली तर विमा कंपनी म्हणते, चालकाकडे योग्य परवाना नव्हता. अशा खटल्यांत न्यायालयं अनेकदा असा तोडगा काढतात: कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि नंतर मालकाकडून वसूल करावेत. मालक कोण? तुम्ही. अपघाताच्या भरपाईचे आकडे लाखांत असतात, आणि एखाद्या कुटुंबाचा कमावता माणूस गेला तर त्याहून कितीतरी मोठे.

कलम १३३ कुणाला फारसं माहीत नसतं. पोलिसांनी विचारलं तर गाडी त्या वेळी कोण चालवत होतं, त्याचं नाव, पत्ता, परवाना ही माहिती देणं मालकाला बंधनकारक आहे. पाहुणा फ्रान्समध्ये ल्योनला पोचल्यावर तुम्ही काय सांगणार? ई-चलानही तुमच्याच मोबाइलवर येतं, आणि ते थकलं की पुढे गाडी विकताना आडवं येतं.

यात पाहुण्याचंही नुकसान आहे, ते त्याला समजावून सांगा. विम्याबरोबर मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो, १५ लाखांचा. तो मिळतो केव्हा? चालवणारा स्वतः आरसीवरचा मालक असेल, पॉलिसी त्याच्या नावावर असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तेव्हा. गाडी तुमच्या नावावर आणि पडला तो, तर या विम्यातून ना त्याला काही, ना त्याच्या घरच्यांना. शिवाय गाडीत त्याने दोन लाख घातले तरी कागदावर तिच्यातला एक नट त्याचा नसतो. तुमचा मुलगा उद्या ती घेऊन कोल्हापूरला गेला तर तो कुणाकडे दाद मागणार? असं तुम्ही करणार नाही, हे मला कबूल. पण किनाऱ्यावर सगळेच तुमच्यासारखे नसतात.

नवी गाडी

पत्ता पक्का झाला असेल तर नवी गाडी हा सर्वांत सरळ मार्ग. धावपळ शोरूम करतं. फॉर्म २० हा नोंदणीचा अर्ज, २१ हा विक्रीचा दाखला, २२ हा गाडी रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचा कंपनीचा दाखला. अधिकृत विक्रेत्याकडची नवी गाडी पासिंगला आरटीओत नेऊन उभी करण्याची गरज २०१९ च्या दुरुस्तीनंतर राहिलेली नाही. नोंदणी १५ वर्षांची. मोटारसायकलची नोंदणी फी ३०० रुपये, म्हणजे नगण्य. खरा खर्च एकरकमी रस्ता कराचा. महाराष्ट्रात तो दुचाकीला इंजिनाच्या ताकदीप्रमाणे किमतीच्या साधारण १० ते १२ टक्के पडतो. शिवाय १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा, एकदम पाच वर्षांचा काढावा लागतो. सहा महिन्यांसाठी गाडी घेणाऱ्याला पाच वर्षांचा विमा आणि पंधरा वर्षांचा कर, म्हणून पाहुणे नव्या गाडीच्या वाटेला जात नाहीत. यातला थोडा पैसा विकताना किमतीत परत येतो, सगळा नाही.

शोरूमला जाताना दोन गोष्टी सांभाळा. पैसे बँकेतून द्या, कारण दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. आणि मोबाइल नंबर पाहुण्याचा स्वतःचा, इथल्या सिमचा द्या. गाडीच्या कागदपत्रांसाठी असलेल्या सरकारच्या 'वाहन' पोर्टलची पुढची सगळी कामं त्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीने होतात. शोरूमचा पोरगा घाईत स्वतःचाच नंबर टाकून मोकळा होतो आणि दोन वर्षांनी त्याला शोधत फिरावं लागतं. परदेशी माणसाचं सिम व्हिसाबरोबर संपतं, हेही ध्यानात असू दे.

जुनी गाडी, आणि गोव्याची पाटी

बहुतेक सौदे जुन्या गाडीचेच होतात, आणि तिथेच सगळ्यात जास्त फसगत. इथे दोन फॉर्म महत्त्वाचे. २९ म्हणजे मालकी बदलल्याची सूचना आणि ३० म्हणजे तिचा अर्ज. एकाच राज्यातली गाडी असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची. गाडीवर कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन बोजा उतरवायचा. एवढं साधं आहे.

प्रत्यक्षात काय चालतं? विकणारा कोऱ्या २९-३० वर सह्या करून देतो, आरसीची मूळ प्रत आणि आधारची झेरॉक्स जोडतो, सोबत गाडी वापरायला दिली असल्याची एक चिठ्ठी, आणि म्हणतो, झालं काम. पर्यटक ती पिशवी घेऊन देशभर फिरतो आणि जाताना तशीच दुसऱ्या पर्यटकाला विकतो. बुलेटच्या बाजारात अशा चार-पाच हातांतून गेलेल्या आणि आरसीवर मूळ माणसाचंच नाव असलेल्या गाड्या पुष्कळ. मूळ माणसाने वरचा २०१८ चा निकाल वाचलेला नसतो, एवढंच. आणि आता सह्यांच्या कागदावर निभावतही नाही. विकणाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो माणूस समोर नसेल तर ट्रान्सफर तिथेच अडते. म्हणून परदेशी पाहुण्याने जुनी गाडी घ्यावी ती आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याकडूनच, आणि पूर्ण पैसे द्यावेत ते ट्रान्सफरचा अर्ज दाखल झाल्यावर.

सिंधुदुर्गात आणखी एक पीळ आहे. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, आरोंदा या पट्ट्यात गोव्याची गाडी घेणं म्हणजे बाजूच्या वाडीतली घेण्यासारखंच वाटतं. माणसं रोज सकाळी कामाला पलीकडे जातात, संध्याकाळी परत येतात. पण कागदावर ते दुसरं राज्य. जीए पाटीची गाडी एमएच-०७ करायची तर गोव्याच्या कार्यालयाकडून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला घ्यायचा, गाडी चोरीची नसल्याची खातरी करायची आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरायचा. गोव्यात भरलेला कर इथे वळता होत नाही. उरलेल्या वर्षांचा तिकडून परत मागता येतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि चिकाटी दोन्ही लागतात. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो, असं कलम ४७ सांगतं. त्यापेक्षा ओरोसच्या, रत्नागिरीच्या किंवा पेणच्या पासिंगची, म्हणजे एमएच-०७, ०८ नाहीतर ०६ पाटीची गाडी शोधणं बरं. पाच-सात हजार जास्त गेले तरी चालेल.

कधीकधी एखादा जर्मन किंवा स्विस स्वतःची गाडी घेऊन येतो, तिकडच्याच पाटीसह. तो वेगळा मामला. ती कार्नेवर, म्हणजे परत नेण्याच्या हमीवर कस्टममधून आत आलेली असते. तिची इथे नोंदणी होत नाही आणि ती इथे विकताही येत नाही. कितीही स्वस्तात देत असला तरी हात लावू नका.

नेपाळी राखणदार, आणि लंडनचा पुतण्या

रत्नागिरी, देवगडच्या बागांत राखणीला असलेले नेपाळी गडी कित्येक जण वर्षानुवर्षं इथेच आहेत. मुलं मराठी शाळेत जातात. बागेतून बाजारात जायला, मुलाला दवाखान्यात न्यायला त्यालाही गाडी लागते, आणि ती सर्रास बागवाल्याच्या नावावर घेतली जाते. बागवाल्याला वाटतं आपण उपकार करतोय. खरं तर नेपाळी गडी या तिघांत सर्वांत सोप्या जागी आहे. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारातलं सातवं कलम दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, मालमत्ता बाळगण्याची, व्यापार करण्याची आणि फिरण्याची सारखी मुभा देतं. त्याला व्हिसा लागत नाही. आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिलेला असेल तर आधार काढता येतं, आणि नेपाळ-भूतानच्या नागरिकांचं आधार दहा वर्षं चालतं. आधारवर बागेतल्या घराचा पत्ता आला की आरटीओला हवं ते सगळं हातात आलं. काम अडतं ते नेपाळी नागरिकतेचा दाखला गावी घरात ठेवलेला असतो म्हणून, आणि मालकाने सहीचं एक पत्र द्यायला टाळाटाळ केली म्हणून. बागवाल्यांनो, गाडी तुमच्या नावावर घेण्यापेक्षा ते पत्र देणं तुमच्याच फायद्याचं आहे. एक मात्र त्याला आधी सांगा: इथली पाटी असलेली गाडी नेपाळात नेली तर सीमेवर भन्सार, म्हणजे तिकडची जकात, भरावा लागतो, आणि ती कायमची तिकडे ठेवता येत नाही.

पुतण्याचं प्रकरण घरचं, म्हणून जास्त गोंधळाचं. आधी पासपोर्ट पाहा. तो भारतीय असेल, आखातात नोकरी असली तरी, तर तो परदेशी नाहीच. शेवटच्या पानावरचा गावचा पत्ता पुरे. पासपोर्ट परदेशी आणि हातात ओसीआय कार्ड असेल तर व्हिसाची आणि परदेशी नागरिक नोंदणीची कटकट त्याच्यामागे नाही. पण त्यामुळेच त्याच्याकडे पत्ता लिहिलेला निवासाचा परवानाही नसतो! कार्डावर इथला पत्ता नाही, वीजबिल आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन पंधरा वर्षं झालेली. वारस लावायचं काम भाऊबंदकीत अडकलेलं. अशा घरात सात-बारा घेऊन आरटीओत गेलं तर फक्त वेळ जातो. घराची घरपट्टी ज्याच्या नावावर येते त्या काकाने पुतण्याशी रीतसर करार करून तो नोंदवावा, किंवा पुतण्या १८२ दिवस राहिला असेल तर त्याने आधार काढावं. जाता जाता, ओसीआयवाल्याला हापूसची बाग विकत घेता येत नाही, शेतजमीन आणि बागायत त्याला खरेदीने मिळत नाही, वारशाने येऊ शकते. मोटारसायकलला अशी कुठलीच आडकाठी नाही.

इतर परदेशी रहिवाशांनाही १८२ दिवसांनंतर आधार मिळतं, पण त्याची मुदत व्हिसाबरोबर संपते. त्यामुळे ट्रान्सफर, पत्ताबदल, जे काही करायचं ते व्हिसा जिवंत असताना.

परवान्याचं थोडक्यात. १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, तोही मूळ देशाचा परवाना सोबत असेल तर, आणि त्यावर दुचाकीचा शिक्का हवाच. जास्त राहणार असेल तर इथलाच काढावा. शिकाऊ परवाना, मग तीस दिवसांनी पक्क्याची परीक्षा. पत्त्याचे कागद तेच लागतात, म्हणून दोन्ही कामं एकाच फायलीतून होतात.

जाताना

गाडी नावावर करताना लोक जेवढा विचार करतात, त्याच्या पाव हिस्साही ती नावावरून उतरवताना करत नाहीत. परतीचं तिकीट रविवारचं आणि गिऱ्हाईक शुक्रवारी शोधतात. मग गाडी तुमच्या पडवीत राहते आणि किल्ली खुंटीला. पाटीवर गंज चढतो, विमा संपतो. व्हिसा संपला, सिम बंद पडलं, ओटीपी जाणार कुठे? निदान महिनाभर आधी गिऱ्हाईक पाहून ट्रान्सफर पूर्ण करून, नव्या मालकाच्या नावाची आरसी पोर्टलवर दिसल्यावर पाहुण्याने निघावं.

ते जमणार नसेल तर त्याने जाण्यापूर्वी इथेच नोटरीपुढे तुम्हाला किंवा दुसऱ्या कुणाला फक्त या एका गाडीच्या विक्रीचं मुखत्यारपत्र करून द्यावं. त्यात गाडी नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर लिहावेत. तिकडे गेल्यावर केलं तरी होतं, पण मग त्यावर त्या देशाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी दाखला, हवं आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथला मुद्रांक भरावा लागतो. विमाही नव्या मालकाच्या नावावर व्हायला हवा, त्याची मुदत चौदा दिवसांची. गिऱ्हाइकाला ते स्पष्ट सांगा, आणि २९ नंबरच्या फॉर्मची पोच पाहुण्याला व्हॉट्सॲपवर पाठवून द्या. पुढे कधी कुणाची नोटीस आली तर त्याला दाखवायला तोच कागद लागेल.